पुढच्या आयतवारी येजो

काका एसटीत खिडकीपाशी बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत पुस्तक. एवढं पाहूनच म्या ओळखलं का गोष्ट साधी नाही.

तुमाले यात काही विशेष वाटणार नाही. पुस्तक पिशवीत नाही तं कुठी असन? पण काका म्हणजे साऱ्या चर्चचे काका, अन् त्यांचं पुस्तक कोणाच्या घरी चालून जात नव्हतं. अमरावतीले आमच्या चर्चच्या व्हरांड्यात त्यांचं पुस्तकाचं लोखंडी कपाट. लोकं तथी यायचे, मागायचे, हात हालवत परत जायचे, पुन्हा यायचे. पासपोर्ट काढाले लागत नाही एवढ्या चकरा. अन् आज तेच काका, कोणी मागितलं नसताना, पुस्तक घेऊन अकोल्याले निघाले होते. माह्या ताईच्या घरी.

बडनेरा येऊन गेलं तरी काका खिडकीबाहेरच पाहून राहिले होते. मंग एकदम म्हणे, "डोकं दुखते म्हणत होती का?"

"भाऊजी म्हणत होते. पाय बी सुजले."

"अन् दवाखान्यात?"

"नाही म्हणते जायले."

काकांनी पिशवी छातीशी धरली. एसटीवाल्यानं मूर्तिजापूरले चहाले गाडी थांबवली, तवा काका त्याच्याकडे असे पाहून राहिले होते का बिचाऱ्यानं अर्धा कप टाकून देला.

ताईले सातवा महिना होता. बीपी वाढलं होतं. डॉक्टरीणबाईनं साफ सांगितलं होतं का या गोळ्या चुकल्या तं लेकराले धोका आहे अन् आईलेबी. अन् ताईनं गोळ्या बंद केल्या होत्या. चोरून.

काकांचं मूळ गाव शेंदूरजनाघाट. तिकडे संत्र्याची बाग. पोरगा बाग पाहाले लागला तसे काका अमरावतीत येऊन राह्यले, पण बाग काही त्यांच्यातून निघाली नाही. संत्र्याच्या झाडाचं असं आहे, बहार पाहिजे तं हिवाळ्यात त्याचं पाणी बंद करा लागते. झाड तहानते, पानं मलूल होतात. नवीन माणूस पाहीन तं म्हणन, मेलं. याले ताण देणं म्हणतात. मंग एक दिवस पाणी सोडलं, ताण तोडला, का झाड पांढऱ्या फुलानं भरून जाते. काकांनी हाच कायदा माणसांले लावला होता. तहान लागल्याबिगर पुस्तक नाही.

मी वरूडच्या शाळेत शिकलेलो. तथी मुख्याध्यापकापासून घंटीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या नकला करून झाल्या होत्या. मंग सगळं घरच अमरावतीले आलं, मी कॉलेजात गेलो तं नवीन माल पाहिजेच होता. काका म्हणजे खजिना. त्यांचा आवाज मले आजबी येते. नाकातून अर्धा, घशातून अर्धा. माही पहिली भेट मी पोट्ट्यांले अशी करून दाखवत असतो:

"सलाम काका. बायबलच्या अभ्यासाचं एक पुस्तक पाहिजे होतं."

"काहून?"

"अभ्यासाले."

"कायच्या?"

"बायबलच्या."

"बायबल वाचलं?"

"हो."

"कुठलोक?"

"थोडं थोडं. सगळीकून."

"सगळीकून बकरी खाते. पुढच्या आयतवारी येजो."

खरं कारण वेगळं होतं. गायन मंडळातली एक पोरगी नकाशेवालं जाड पुस्तक घेऊन बसायची. तिच्यासमोर मलेबी जाडच काहीतरी घेऊन बसायचं होतं. पुढच्या आयतवारी गेलो, काकांनी परत पाठवलं. त्याच्या पुढच्या आयतवारी बी. मंग एकदा काका आपणच म्हणे, "ते पोरगी लग्न ठरून नागपूरले चालली. पाहिजे का आता पुस्तक?"

म्या म्हटलं, पाहिजे. अन् खरंच पाहिजे होतं तोपर्यंत. एवढं काय आहे बे त्या कपाटात, याच रागानं. तवा कुठी काका उठले. कपाटाची किल्ली त्यांच्या पायजम्याच्या नाडीले बांधलेली. ते काही तिले सोडत नसत, म्हणून कुलूप उघडाले त्यांले पोट कपाटाले टेकवून उभं राहा लागे. लांबून पाह्यलं तं माणूस कपाटाले गळाभेट देऊन राहिला असं वाटे. जाड मांगलं होतं, त्यांनी पातळ देलं. देण्याआधी माहे हात उलटेपालटे करून पाह्यले. "धुऊन वाचजो. संत्रं खाता खाता वाचशीन तं मले वासानं समजते." पुस्तकाले जुन्या वर्तमानपत्राचं कव्हर. पान दुमडलं, पेनाची रेघ मारली, का तुमचं कपाट कायमचं बंद.

परत आणलं का परीक्षा.

"सांग काय होतं त्याच्यात."

म्या पुस्तकाच्या भाषेत सुरू केलं, कारण तेवढंच पाठ होतं. "मनुष्याच्या तारणाची योजना..."

"तारण म्हणजे?"

"तारण म्हणजे तारण."

"बँकेत सोनं ठेवते थे?"

"नाही नाही, थे नाही."

"मंग कोणतं? घरी मायसंग बोलतं तसं सांग. तुह्या मायले समजलं तं तू वाचलं. नाही तं पुस्तक नुसतं फिराले नेलं होतं."

आता आपल्या बोलीत हे सांगणं म्हणजे घाम फुटते. पुस्तकातले शब्द कसे इस्त्री केलेले. आपल्या बोलीत म्हणा लागते, माणूस गाळात फसला होता अन् कोणीतरी त्याले हात देऊन बाहेर ओढलं. एवढं बोललो अन् काकांचं तोंड उलसं हललं. थे हसणं होतं हे मले मंग समजलं.

आमचे पाळक साहेब नवीन आले तवा त्यांलेबी सोडलं नाही. बिचारे धर्मशास्त्राचं मोठं शिक्षण घेऊन आलेले. कपाटापाशी उभे राहून म्हणे, स्तोत्रांवरचं काही भाष्य आहे का. काका म्हणे, "साहेब, आज तुमच्या संदेशात 'अनुग्रह' गंज वेळा आला, मोजता मोजता थकलो. थो काय असते, हे मांगच्या बाकावरच्या बायांले समजलं का इचारून या." पाळक साहेब लाल झाले. पण इचारून आले. अन् पुढच्या आयतवारी त्यांलेबी पुढच्या आयतवारीच बोलावलं.

पुस्तक कपाटात ठेवायचं का नाही, हे बी काका बागवानासारखं ठरवत. कव्हरावर लिहिणाऱ्याचा मोठा फोटो असला तं म्हणत, "संत्र्यावर मालकाचा फोटो चिटकवते का कोणी?" अन् बाजूले. देवाकडून गाडी-बंगला कसा मिळवावा, बाजूले. बायबलवरचं पुस्तक अन् बायबलातली गोष्ट सांगत नाही, आपलीच सांगते, बाजूले. "बायबल म्हणजे भाकर," म्हणत, "बाकीचे सगळे पुस्तकं चटणी. चटणीनं भाकर गोड लागते. पण नुसती चटणीच खाऊन बसला तं पाणी पीतच राहाशीन." अन् शेवटची चाळणी सगळ्यात बारीक. पुस्तक उघडून ते एकच वाक्य शोधत: मला माहीत नाही. "एवढं मोठं पुस्तक देवावर लिहिलं अन् एका जागीबी 'मले माहीत नाही' नाही म्हटलं, थो माणूस खोटं बोलून राहिला." अशानं कपाट कधी भरलं नाही. पण होतं ते एक-एक दाण्यासारखं.

ताईचं पहिलं लेकरू पोटातच गेलं होतं. ती अमरावतीले माहेरी आली, घरात बसून बसून कंटाळली, अन् एका आयतवारी उपासना झाल्यावर थेट कपाटापाशी. मी मागेच होतो.

"काका, माह्यं लेकरू काहून गेलं, थे ज्याच्यात लिहिलं आहे असं पुस्तक द्या."

या वेळी काकांनी काहून इचारलं नाही. तिच्याकडे पाहातच राह्यले. मंग म्हणे, "पुढच्या आयतवारी येजो."

ताई गेली पुढच्या आयतवारी. काकांनी नाडीले हात लावला, किल्ली धरली, अन् सोडून देली. "अजून नाही. येजो."

मंग ताई गेली नाही. अकोल्याले, जठारपेठेत, आपल्या घरी निघून गेली. पुन्हा दिवस राह्यले तवा तिथं कोणीतरी तिले एका उज्जीवन सभेले नेलं. मोठा मंडप, मोठे भोंगे, पांढऱ्या सुटातला उपदेशक. अन् दारावर पुस्तक हातात. फुकट. ना काहून, ना आयतवार.

ते पुस्तक ताईनं मले वाचाले देलं. मले काय, नवीन नक्कल भेटली. चर्चच्या व्हरांड्यात पोट्टे जमवले, पुस्तक हातात धरलं, अन् पांढऱ्या सुटातला उपदेशक केला. "चष्मा काढून फेका. गोळी काढून फेका. गोळी म्हणजे संशय आहे, बंधूंनो." पोट्टे लोळून राहिले होते. काका कपाटापाशी बसलेले. माह्या नकलांले ते हसत नसत, पण कान लावून असत. त्या दिवशी उठले अन् पुस्तक माह्या हातातून ओढून घेतलं. उभ्यानंच वाचलं. पानं उलटताना बोट थुंकीनं ओलं केलं. हे ते कधी करत नसत, कोणाले करूबी देत नसत.

"हे कोणाचं?"

"ताईचं."

"तिले डॉक्टरनं काही लिहून देलं आहे का?"

"बीपीच्या गोळ्या."

"घेते?"

"घेतच असन ना."

"इचार."

म्या भाऊजींले फोन केला. भाऊजी म्हणे, घेते ना बाप्पा, पाकिटं रिकामी होऊन राहिली बरोबर. पण संध्याकाळी त्यांचाच फोन आला अन् आवाज वेगळाच. गॅलरीतल्या मनीप्लांटले पाणी टाकत होते, तं माती वाहून गेली अन् खालून पांढऱ्या गोळ्या वर आल्या. फुगलेल्या. सगळ्या कुंडीत.

भाऊजी चिल्लावले. ताईनं आतून कडी लावली. आतूनच म्हणे, "मांगच्या वेळी सगळं औषध घेतलं अन् लेकरू गेलं. या वेळी भरवसा ठेवून पाहाते." डॉक्टरीणबाईले फोन लावला तं ती म्हणे, भांडू नका, कसंबी करून आणा, बाईले ताण चालणार नाही.

हे म्या काकांले जसंच्या तसं सांगितलं. काका खुर्चीवर बसले.

"काय चालणार नाही म्हणे?"

"ताण. ताण चालणार नाही म्हणे तिले."

काका कपाटाकडे पाहून राहिले. "जे झाड आधीच रोगानं बसलं आहे, त्याले ताण नाही देत बे," ते म्हणे. "हे शेंदूरजन्यातलं शेंबडं पोट्टंबी सांगन." मंग उठले, पोट कपाटाले टेकवलं, अन् मांगच्या ओळीतून एक राखाडी कव्हराचं पातळ पुस्तक काढलं. मले म्हणे, "मेडिकलमधून तिच्या गोळ्या आण. अन् चिकटपट्टी."

म्या भाऊजींनी पाठवलेला डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो दाखवून गोळ्या आणल्या. काकांनी कैचीनं पाकीट एक-एक गोळी सुटी होईन असं कापलं, अन् त्या पुस्तकाच्या पानापानाच्या खाली एक-एक गोळी चिटकवली. चिकटपट्टी दातानं तोडून. ज्यानं पेनाच्या एका रेघेवरून माणसं तोडली, थो माणूस. पातळ पुस्तक फुगून बंद होईना. त्याले त्यांनी दोरी बांधली.

जठारपेठेत जिना चढताना काका मधातच थांबले. दम लागला म्हणे. दम लागला नव्हता. मी नकलाकार आहे, मले समजते.

ताई दिवाणावर बसली होती. पाय उशीवर. चेहरा सुजलेला, बोटातली अंगठी रुतलेली. काकांले पाहून उठाले गेली, काकांनी हातानंच बसवलं. भाऊजी दारात उभे, हातात चपला. दवाखान्यात निघाच्या तयारीत.

"सलाम काका," ताई म्हणे. "समजावाले आले असान."

"नाही. तुह्याजवळचं पुस्तक मले परत आलं. आपला कायदा माहीत आहे तुले. सांग काय होतं त्याच्यात."

ताईले हे अपेक्षित नव्हतं. ती माह्याकडे पाहे, मंग त्यांच्याकडे. मंग बोलाले लागली. भोंग्यावरच्या भाषेत. "विश्वासाने मागणाऱ्यास संशयाची सावलीदेखील..."

"आपल्या बोलीत सांग."

"म्हणजे... भरवसा असला तं गोळी लागत नाही. गोळी घेतली म्हणजे भरवसा नाही."

"मंग?"

"मंग लेकरू सुखरूप होते."

"अन् पहिलं?"

भाऊजी म्हणे, "काका, राहू द्या." काकांनी तिकडे पाह्यलंच नाही.

"पहिल्याबद्दल काय लिहिलं आहे त्याच्यात? मायले सांगतं तसं सांग."

ताईनं बोटातली रुतलेली अंगठी फिरवून पाह्यली, फिरली नाही. खालून कोणीतरी गाडी सुरू करून राहिलं होतं, होत नव्हती. मंग ताई एकदम हळू बोलली, आमी घरात बोलतो तसं.

"म्हणजे... माह्या भरवशात खोट होती. म्हणून माह्यं लेकरू गेलं. म्याच मारलं."

बोलली अन् आपलंच वाक्य ऐकून तिनं तोंडावर हात ठेवला. एवढे दिवस ते तिच्या डोक्यात चांगल्या कपड्यात बसलेलं होतं. आपल्या बोलीत आलं अन् उघडं पडलं.

"असं लिहिलं आहे?" काका म्हणे.

"तसंच होते ना मंग."

"हो. तसंच होते." काकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "पोरी, तुह्यं लेकरू काहून गेलं, मले माहीत नाही. हे मले त्या दिवशीच म्हणा लागत होतं. तू मागितलं, अन् म्या तुले ताण देला. झाड पाह्यलं नाही, कायदा पाह्यला. चुकलो मी."

काका असं बोलतीन हे मले कोणी सांगितलं असतं तं म्या त्याचीच नक्कल केली असती. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं, दोरी सोडली, तिच्या मांडीवर ठेवलं. "हे लिहिणाऱ्याची बी पोरगी गेली होती. शेवटलोक याले समजलं नाही काहून. तरी देवाले सोडलं नाही यानं. घे. मागू नको. वाच."

ताईनं पहिलं पान उघडलं. खाली गोळी. दुसरं उघडलं. गोळी.

"हे काय करून ठेवलं काका पुस्तकाचं?"

"पान वाचलं का गोळी. गोळी घेतली का पुढचं पान. सकाळ-संध्याकाळ. दोन पानं एकदम वाचाची नाही."

"अन् देव रागावला तं?"

"माह्या बागेतलं झाड देवच वाढवते. पाणी मी सोडतो. विहिरीवरची मोटर चालू केली म्हणून थो आजवर माह्यावर रुसला नाही."

ताईनं पान वाचलं. मनातल्या मनात, ओठ हालवत. वाचून झालं तरी गोळी तशीच. बोट तिच्यावर ठेवून बसली. भाऊजींनी पाण्याचा गिलास आणला, तिनं घेतला नाही. मी खिडकीकडे तोंड केलं, कारण मले पाहावत नव्हतं. काका मातर हलले नाही. समजावलं नाही, प्रार्थना म्हटली नाही, घड्याळ पाह्यलं नाही. चहा आला, थंडा झाला, त्याच्यावर साय आली. माणसाले ताण देताना काका असेच बसत. त्या दिवशी ताण त्यांच्यावर होता.

मंग चिकटपट्टी निघाल्याचा आवाज आला. चर्रर्र. पानाचा एक तुकडा बी निघाला असन. काकांनी डोळे मिटले. पुस्तक फाटल्याचा आवाज आला अन् थो माणूस खुश झाला, असं म्या एकदाच पाह्यलं.

"चला दवाखान्यात," ताई म्हणे. गोळी तिनं सायीच्या चहासंगच गिळली होती.

पुढचं सोपं नव्हतं. तिले भरती करून घेतलं, बीपी काही उतरे ना, अन् शेवटी वेळेच्या आधीच मोकळी केली. पोरगी झाली. मुठीएवढी. किती तरी दिवस काचेच्या पेटीत होती, अन् आमी काचेच्या बाहेर. ताई पेटीजवळ बसून पान वाचे अन् गोळी घे. बाळंतपणानंतरबी तिले गोळ्या चालूच होत्या. डॉक्टरीणबाई म्हणे, उशीर झाला असता तं मी काही करू शकली नसती.

पोरीचा बाप्तिस्मा अमरावतीलेच झाला. उपासना सुटली, लोकं पेढे घेऊन राहिले होते, अन् ताई पोरीले खांद्यावर टाकून कपाटापाशी गेली. राखाडी पुस्तक परत देलं. हातात घेतलं तं सालं सोललेलं दिसत होतं. पानापानाच्या खाली चिकटपट्टीनं कागद ओढून नेलेला.

मले वाटलं आता परीक्षा. काकांनी इचारलंच नाही. पुस्तक उघडलं अन् एक-एक पान उलटत, जिथं जिथं गोळी होती तिथं तिथं अंगठा फिरवत गेले. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. एकबी राह्यली नव्हती. मंग पुस्तक मिटलं अन् कपाटात ठेवलं. तसंच, फाटकं.

"काका," ताई म्हणे, "आता दुसरं द्या एखादं."

काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाह्यलं, ताण देण्याआधी झाड पाहावं तसं. पोरीकडे पाह्यलं. पोरीनं त्यांच्या तोंडावर जांभई देली.

"काहून?"

"पाहिजे."

काकांनी कुलूप लावलं. "पुढच्या आयतवारी येजो."

ताई व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून माह्याजवळ आली. डोळ्यातून पाणी चालू, अन् तोंड हसून राहिलेलं.

"देलं नाही बे," ती म्हणे. "मले देलं नाही."